वाचकांचे प्रश्न : व्यायामाने स्नायू आणि कंडरा कशा बदलतात, आणि ते स्कॅनमध्ये कसे दिसते?

व्यायामाचा स्नायूंवर आणि कंडरांवर होणारा परिणाम सोनोग्राफी, एमआरआय यांसारख्या तंत्रांनी कसा अभ्यासला जातो, याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट, पांढरा पट्टा. बोलण्यात आपण त्याला टेंडन म्हणतो. प्रश्न शक्य तितके प्रश्नकर्त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

प्रश्न : मी नुकताच वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केला आहे. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका तज्ज्ञांनी सोनोग्राफीवर माझ्या मांडीच्या स्नायूची जाडी मोजली, ती पूर्वीपेक्षा वाढलेली निघाली. उचलता येणारे वजन तर त्याहून कितीतरी जास्त वाढले आहे. स्नायू इतक्या लवकर वाढतो का? आणि ताकद त्याच्याही पुढे कशी जाते?

आपण एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांतला ताकदीचा आधी घेतो, कारण त्याचे उत्तर अधिक पक्के आहे. स्नायूचा आकार आणि त्याची ताकद यांचा संबंध जिवंत माणसात मोजण्याचा प्रयत्न जपानमधील इकाई आणि फुकुनागा यांनी १९६८ सालीच केला होता. दंडाच्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सोनोग्राफीने मोजून, दर चौरस सेंटिमीटरमागे तो स्नायू किती बल लावतो याचा त्यांनी हिशेब मांडला. पुढे एमआरआय हाती आल्यावर हेच काम अधिक नेमकेपणाने होऊ लागले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पुरुषांनी साठ दिवस एका पायाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंना व्यायाम दिला. त्या स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे ८.५ टक्क्यांनी वाढले, तर त्यांनी लावलेले कमाल बल सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. मधली तफावत मुख्यतः मज्जासंस्थेच्या खात्यावर जाते. व्यायामाच्या सुरुवातीच्या काळात मेंदू आणि मज्जारज्जू त्याच स्नायूतील अधिक तंतू एकाच वेळी आणि अधिक वेगाने कामाला लावायला शिकतात. त्यामुळे स्नायू फारसा न वाढताही वजन वाढत जाते. आपल्या बाबतीत जे झाले ते अगदी अपेक्षित आहे.

आता जाडीविषयी. स्नायूत पहिल्या काही आठवड्यांत खरी वाढ मुळीच होत नाही असे म्हणता येणार नाही, पण तिसऱ्या आठवड्यात मोजलेल्या जाडीचा बराचसा भाग सुजेचा असू शकतो. सवय नसलेला व्यायाम केल्यावर, विशेषतः वजन हळूहळू खाली आणताना स्नायू ताण सोसत लांबतो तेव्हा, तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्या भागात पाणी साचते. सोनोग्राफीच्या पडद्यावर असा स्नायू नेहमीपेक्षा उजळ दिसतो. म्हणून नुसत्या जाडीच्या आकड्यावर न थांबता त्या प्रतिमेचा उजळपणाही तपासावा लागतो. एमआरआयमध्ये हे पाणी टी-टू नावाच्या मोजमापात पकडता येते. ते मोजमाप इजेनंतर काही दिवस वाढत जाते आणि दुखणे थांबल्यावरही कित्येक दिवस, कधी आठवडे, वाढलेलेच राहते. दुखत नाही म्हणून स्नायू पूर्ववत झाला, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

मोजणी कशी झाली हेही आपण विचारून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. सोनोग्राफीचा प्रोब त्वचेवर किंचित जास्त दाबला तरी स्नायू चपटा होतो आणि जाडी काही मिलिमीटरने कमी भरते. म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ जेलचा जाड थर देऊन प्रोब त्या थरावर जवळजवळ तरंगता ठेवतात. मोजणी आदल्या दिवशीच्या व्यायामानंतर केली की दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, उभे राहून आल्या आल्या केली की काही वेळ आडवे पडल्यानंतर, यानेही आकडा बदलतो, कारण शरीरातील पाणी पायांकडून वर सरकत असते. आधीची जागा त्वचेवर खुणेने किंवा हाडापासूनच्या अंतराने नोंदवलेली नसेल, तर दुसऱ्या वेळी भलतीच जागा मोजली जाते. दोन मोजण्यांमधला फरक या सगळ्या चुकांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल तरच त्याला वाढ म्हणावे. आपल्याला निश्चित उत्तर हवे असेल, तर दहाव्या-बाराव्या आठवड्यात, दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन, त्याच व्यक्तीकडून त्याच जागी पुन्हा मोजून घ्या.

प्रश्न : मी क्रीडा-प्रशिक्षक आहे. अमुक व्यायामाने अमुक स्नायूवर काम होते असे आम्ही परंपरेने सांगत आलो. एमआरआयने हे पडताळता येते का?

काही अंशी येते, आणि त्याचे दोन मार्ग आहेत. व्यायाम संपल्यावर लगेच व्यक्तीला एमआरआयमध्ये घेतले, तर ज्या स्नायूंनी जोराचे काम केले त्यांच्यात पाण्याचे वाटप बदललेले असते आणि ते स्नायू उजळून दिसतात. वर उल्लेख केलेले टी-टूचे मोजमापच येथे वापरले जाते, फक्त इजेमुळे होणारी वाढ दिवसानुदिवस टिकते, तर कामामुळे होणारी वाढ साधारण तासाभरात ओसरते. त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने फक्त वरवरच्या स्नायूंची विद्युत-क्रिया कळते. या पद्धतीत मात्र खोलवरचे स्नायूही दिसतात, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पण उजळलेला स्नायू त्या दिवशी कामाला लागला इतकेच ती सांगते. तो स्नायू तीन महिन्यांनी वाढेल की नाही, हे त्या चित्रात नसते.

दुसरा मार्ग खर्चिक आणि धीराचा आहे. व्यायामाच्या आधी आणि काही महिन्यांनंतर संपूर्ण स्नायूच्या एकापाठोपाठ एक आडव्या छेदांच्या प्रतिमा घ्यायच्या, प्रत्येक छेदात स्नायूची कड हाताने किंवा संगणकाने आखायची आणि त्यातून घनफळ काढायचे. या मार्गाने हाती आलेला एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात सहभागी व्यक्तींनी एका पायाने बसून आणि दुसऱ्या पायाने पालथे झोपून, गुडघा वाकवण्याचा एकच व्यायाम बारा आठवडे केला. बसलेल्या स्थितीत मांडीमागचे स्नायू कमरेच्या सांध्यापाशी ताणलेले असतात, पालथ्या स्थितीत ते आखूड झालेले असतात. बसून केलेल्या व्यायामाने त्या स्नायूंचे एकूण घनफळ सुमारे १४ टक्क्यांनी वाढले, पालथ्या व्यायामाने सुमारे ९ टक्क्यांनी. स्नायू लांब स्थितीत असताना दिलेला भार अधिक वाढ घडवतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. यात दोन्ही पाय एकाच माणसाचे होते, त्यामुळे आहार, झोप, आनुवंशिकता यांचा फरक आपोआप वगळला गेला. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण या क्षेत्रात दोन माणसांमधला फरक अनेकदा दोन व्यायामांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो.

आणखी एक गोष्ट अशा अभ्यासांतून स्पष्ट झाली आहे. स्नायू सगळीकडे सारखा वाढत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूसमूहात चार डोकी, म्हणजे चार वेगळे भाग, आहेत, त्यांतले एक वाढते तेव्हा दुसरे जागच्या जागी असू शकते. एकाच डोक्यातही मधला भाग आणि गुडघ्याजवळचा भाग वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. मांडीच्या मधोमध एकच छेद मोजून एखादा व्यायाम निरुपयोगी ठरवला गेला असेल, तर तो निकाल राखूनच स्वीकारावा.

प्रश्न : स्नायू व्यायामाने वाढतो हे डोळ्यांना दिसते. कंडराही वाढते का? तिच्यातला बदल मोजणार तरी कसा?

हा प्रश्न आल्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण कंडरेकडे दुखेपर्यंत कोणी पाहत नाही, आणि शास्त्रीय दृष्टीने या विषयातला सर्वांत रंजक भाग तोच आहे.

कंडरा निष्क्रिय जोडणी नसते, ती ताणली जाते आणि साठवलेली ऊर्जा परत देते. चालताना पोटरीत काय होते ते २००१ साली सोनोग्राफीचा प्रोब पोटरीवर बांधून पाहिले गेले. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना आणि घोटा वाकत असताना, पोटरीचा स्नायूही लांबत असेल अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात स्नायूतील तंतूंच्या जुड्यांची लांबी त्या काळात जवळपास स्थिर राहिली आणि लांबण्याचे काम बहुतांशी टाचेवरच्या अकिलीस कंडरेने केले. स्नायू धरून ठेवतो, कंडरा ताणते आणि उसळी देते. बाहेरून सांध्याची हालचाल पाहून हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

व्यायामाने कंडरेत होणारे बदल दोन प्रकारचे असतात. ती जाड होते किंवा तिचे द्रव्य अधिक ताठ होते, आणि कधी दोन्ही घडते. जाडीसाठी एमआरआय चांगला, पण नेहमीच्या एमआरआयमध्ये कंडरा जवळजवळ काळी दिसते. तिच्यातले पाणी कोलॅजनच्या, म्हणजे ती ज्या प्रथिनाची बनलेली असते त्याच्या, घट्ट बांधणीत अडकलेले असल्याने त्याचा संदेश यंत्राने टिपण्यापूर्वीच विरून जातो. प्रतिमेत तिची बाहेरची रेषा मिळते, आतले काही नाही. आतले पाहायचे तर संदेश अतिशय लवकर टिपणाऱ्या खास पद्धती वापराव्या लागतात.

ताठपणा मोजण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण ती समजली की या संशोधनाची मर्यादाही समजते. व्यक्तीला एका यंत्राच्या खुर्चीत बसवून पाय पट्ट्यांनी घट्ट बांधतात. तिने पाऊल सर्व जोर लावून खाली दाबायचे असते आणि यंत्र घोट्याभोवतीचे बल नोंदवते. त्याच वेळी पोटरीवर, जेथे स्नायू संपून कंडरा सुरू होते त्या जोडावर, सोनोग्राफीचा प्रोब धरलेला असतो. पडद्यावर तो जोड पांढऱ्या टोकासारखा दिसतो आणि जोर लावताच वर सरकतो. प्रोब स्वतःच घसरला तर फसगत होऊ नये म्हणून त्वचेवर एक बारीक चिकटपट्टी लावतात. तिची काळी सावली प्रतिमेत उभी दिसते आणि जोडाचे सरकणे त्या सावलीपासून मोजले जाते. बल किती वाढल्यावर कंडरा किती लांबली यावरून ताठपणा निघतो. यात टाच पट्ट्यातून किंचित उचलली गेली, तरी लांबी वाढलेली भासते. ही दुरुस्ती न केलेले आकडे मी विश्वासार्ह मानत नाही. अलीकडे शिअर वेव्ह इलास्टोग्राफीने, म्हणजे ऊतीतून आडव्या लहरी सोडून त्यांचा वेग मोजून, ताठपणाचा अंदाज घेतात. स्नायूंसाठी ते सोयीचे आहे, पण ताणलेल्या कंडरेत लहरी इतक्या वेगाने जातात की अनेक यंत्रांची मोजण्याची कमाल मर्यादाच ओलांडली जाते.

व्यायामाविषयीचा निर्णायक पुरावा २००७ सालच्या एका जर्मन अभ्यासात मिळतो. सहभागी व्यक्तींनी चौदा आठवडे एका पायाने हलक्या आणि दुसऱ्या पायाने जड भाराचा व्यायाम केला. एकूण काम दोन्ही पायांना सारखे दिले होते. अकिलीस कंडरेचा ताठपणा वाढला आणि तिच्या काही भागांची जाडीही वाढली, ती फक्त जड भाराच्या पायात. हलक्या भाराने स्नायूची ताकद सुधारली, कंडरेला मात्र त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित कल हाच आहे : कमाल बलाच्या साधारण ७० टक्क्यांहून अधिक भार, आणि बारा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ. सतत एका पायावर भार घेणाऱ्या तलवारबाजांच्या आणि बॅडमिंटनपटूंच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा त्या पायात दुसऱ्या पायापेक्षा स्पष्टपणे जाड असल्याचेही एमआरआयने दाखवले आहे.

इथे एक कोडे उरते. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा, म्हणजे कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचा, माग घेऊन डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की अकिलीस कंडरेच्या गाभ्यातील कोलॅजन साधारण वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडते आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. मग प्रौढ वयात जाडी वाढते कुठून? नवे द्रव्य बाहेरच्या थरांत बसत असावे, असे मला वाटते. प्रतिमांमध्ये वाढ कंडरेच्या सर्व लांबीवर सारखी न दिसता तुकड्यातुकड्याने दिसते, हे त्या तर्काशी जुळते, पण त्यावर शेवटचा शब्द बोलला गेलेला नाही.

प्रश्न : टाचेवरच्या कंडरेच्या दुखण्यासाठी मी तीन महिने पायरीवर टाच खाली सोडण्याचा व्यायाम केला. दुखणे जवळपास गेले. तरी नव्या सोनोग्राफीत कंडरा अजून जाड आणि काळसर दिसते. व्यायाम थांबवू की चालू ठेवू?

आपल्याला बरे वाटते आहे, ही सर्वांत महत्त्वाची नोंद आहे आणि नव्या अहवालाने ती खोडून काढण्याचे कारण नाही. आपण करता तो व्यायाम स्वीडनमधील आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडला होता. त्यात दिवसातून दोनदा, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून अशा दोन्ही प्रकारे प्रत्येकी पंधरा आवृत्त्यांचे तीन संच, असे बारा आठवडे करायचे होते. पुढे त्याच गटाने काही वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा बऱ्याच रुग्णांची कंडरा पातळ झालेली आणि तिची रचना सुधारलेली दिसली. हा काळ मात्र वर्षांचा आहे, महिन्यांचा नव्हे. वेदना आधी जाते, प्रतिमा मागाहून सुधारते, आणि काहींमध्ये फारशी सुधारतही नाही.

त्याने घाबरून जाऊ नये याचे कारण असे, की रोगट कंडरेतील बिघडलेल्या, म्हणजे काळसर दिसणाऱ्या, भागाभोवती नीट रांगेत असलेले तंतू पुरेसे असतात. कंडरा जाड झालेली असल्यामुळे त्या सुस्थितीतील तंतूंचे एकूण क्षेत्र निरोगी कंडरेइतके, कधी त्याहून अधिकही, भरते. भार ते उचलतात, म्हणून भार वाढवत नेण्याचा व्यायाम चालतो. शिवाय मुळीच न दुखणाऱ्या खेळाडूंच्या कंडरांमध्येही असे काळसर भाग आढळतात. त्यांना पुढे त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, पण त्यांतल्या अनेकांना तो कधीच होत नाही.

काळसर दिसणे कधी कधी निव्वळ प्रोबचा दोष असतो. कंडरेचे तंतू एका दिशेने मांडलेले असल्याने लहरी त्यांवर काटकोनात पडल्या तरच परावर्तित होऊन परत येतात. प्रोब थोडा तिरका झाला की निरोगी कंडराही क्षणात काळी दिसते. तंत्रज्ञाने प्रोब किंचित डोलवून पाहिला का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

व्यायाम चालू ठेवा आणि भार हळूहळू वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली काही पावले टाकताना होणारा ताठरपणा वाढतो आहे का, यावर लक्ष ठेवा. या बाबतीत ती खूण स्कॅनपेक्षा अधिक कामाची आहे. चालता-धावताना टाचेमागे अचानक फटका बसल्यासारखे वाटले आणि चवड्यावर उभे राहता येईनासे झाले, तर मात्र व्यायामाचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : संशोधनासाठी वारंवार स्कॅन केल्याने अपाय होतो का?

सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून पुनःपुन्हा मोजण्यासाठी तीच निवडली जातात. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर एमआरआयपूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असल्याने निरोगी माणसाचा निव्वळ अभ्यासासाठी तो वारंवार करू नये.

प्रश्न : माझ्या आईचे वय ८४ आहे. आजारपणामुळे ती काही आठवडे अंथरुणाला खिळून होती. स्कॅनमध्ये स्नायू बारीक झालेले आणि त्यांत चरबी शिरलेली दिसली. या वयात व्यायामाने काही फरक पडेल का?

पडेल, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. भार काढून घेतला की स्नायू किती वेगाने आटतो, हे निरोगी, व्यायाम करणाऱ्या अंतराळवीरांमध्येही दिसले आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात सुमारे सहा महिने राहिलेल्या अंतराळवीरांच्या पोटरीचे घनफळ, तेथे रोज व्यायाम करूनही, एमआरआयनुसार सरासरी १३ टक्क्यांनी घटले होते आणि त्यांची शक्ती त्याहून बरीच अधिक घटली होती. आईच्या स्नायूंचे जे झाले ते भार नसल्याचे फळ आहे, त्याला केवळ वयाचा निकाल समजू नका.

भार परत दिल्यावर काय होते, त्याचेही उत्तर प्रतिमांनी दिले आहे. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या, अशक्त व्यक्तींना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा, खऱ्या अर्थाने जड असा व्यायाम देखरेखीखाली दिला गेला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि सीटी स्कॅनवर मोजलेले मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेली तफावत येथे आणखी ठळक आहे. चरबीचे प्रमाण नेमके मोजायचे असेल तर एमआरआयच्या डिक्सन पद्धतीत पाण्याचा आणि चरबीचा संदेश वेगळा करता येतो, पण ती चरबी हटण्याची वाट पाहत बसू नका, कारण ताकद तिच्या आधी परत येते.

डॉक्टरांनी हृदय आणि रक्तदाब तपासून परवानगी दिली की फिजिओथेरपिस्टकडून सुरुवात करा. पहिला व्यायाम खुर्चीवरून उठणे-बसणे हाच असू दे. आरंभी हातांचा आधार घेऊन, मग आधार कमी करत. पुढच्या स्कॅनची तारीख ठरवण्याऐवजी, आई आधाराविना किती वेळा उठू शकते याची दर आठवड्याला नोंद ठेवा आणि ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.